नवव्या शब्दापाशी

शनिवारी पहाटे भोंगा होतो
तेव्हा आमच्यातले चौघे गिरणीच्या फाटकाशी नसतात.
त्यांचा खाडा पडतो. ते टोप्या घालून
रेल्वे लाइन्समधल्या झिराडकरांच्या पुढच्या खोलीत येतात.
"तुम्ही तेली का?" कुणी विचारलं की बाबा म्हणत,
"हो, शनवारी घाणा न चालवणारे."
आता घाणा कुणाचाच नाही,
शनिवार तेवढा राहिलाय.

माणसं मोजायची नाहीत, अशी आमची रीत.
म्हणून एझ्राकाका दहा शब्दांचं वचन म्हणतात,
एकेकाच्या खांद्याकडे बघत, एकेक शब्द.
होशिया: माझे बाबा.
एत: पार्सल ऑफिसातले हनोख.
अमेखा: थोरले वाक्रुळकर, गुडघे धरून.
आम्ही बायका चादरीच्या पडद्याआड.
आमच्या वाट्याला शब्द येत नाही,
मी पदराखाली बोटं मिटत जाते.

पुरीम जवळ आला की किद्दुशनंतर
मनुकांच्या शरबताचे पेले तसेच राहतात
आणि एझ्राकाका एस्तेरची वही उघडतात.
भाषा इब्री, अक्षरं मराठी,
काही पानांवर शेंगाचटणीची बोटं.
होदूपासून कूशपर्यंत त्या राजाचं राज्य.
"होदू म्हणजे आपण," काका सांगतात,
आणि नथनेल खिडकीतून बघतो, कुठे दिसतंय का.
मग शूशनचा वाडा, तिथले पडदे:
हूर, कर्पास, तेखेलेत...

"थांब. काय म्हणालास? कापूस?"
बेंजामिनमामा तेवीस वर्षं मागावर जॉबर.
"पांढरा, सुती, निळा," काका अर्थ सांगतात.
"सुती होता ना? मग इथूनच गेला असणार.
कितीचा काउंट?"
सगळे हसतात. मामा हसत नाहीत.
उठून आमच्या पडद्याचा काठ
अंगठा आणि बोटात धरून चोळतात,
मला पलीकडून फक्त चिमूट दिसते.

पुरीमच्या आधीचा शनिवार, आठवणीचा.
अमालेकाने काय केलं ते विसरू नकोस,
आणि त्याची आठवण पुसून टाक.
"ठेवायची का पुसायची?" नथनेल विचारतो.
कुणी उत्तर देत नाही. एझ्राकाका मोजायला लागतात.
होशिया, एत, अमेखा, ऊबारेख, एत,
नहलातेखा, ऊरेम, वेनसेम, अद.
अद म्हणजे पर्यंत.
कशापर्यंत, तो शब्द मागच्या दिवाळीत
बायकोमुलांसकट दिमोनाला गेला.
पत्रात लिहितो, इथे चहाच्या टपरीवरसुद्धा दहा जमतात.

नथनेलला तेरा पुरी व्हायला दोन महिने कमी.
मुलाच्या हातात ग्रंथ देऊन
कुठे कुठे चालवून घेतात, हनोख म्हणाले.
काकांनी मान हलवली.
तोरा पेटीतच राहिली त्या दिवशी,
ते छापील पुस्तकातून वाचत गेले, आवाज खाली ठेवून.

मगिल्ल्याला मात्र दहा नसले तरी चालतं,
आणि ती बायकांनीही ऐकायचीच असते.
गल्लीत गोवऱ्या रचून झाल्या होत्या,
आमचे जुने लोक पुरीमला होळीचाच सण म्हणत.
शिगुलाबाई दिवसभर उपाशी, पुरण वाटून वाटून हात पिवळे.
काकांनी स्वतः खिळ्यावरून चादर काढली.
हामानाचं नाव आलं की नथनेल
मोडका धोटा फरशीवर आपटे,
बाहेरच्या पोरांना वाटलं, आमचीही बोंब सुरू झाली.
हामानाचे दहा मुलगे एका दमात म्हणायचे असतात.
काकांना दम पुरला.
वाईट माणसांचे दहा लगेच भरतात, आई पुटपुटली.
गोष्टीत देवाचं नाव एकदाही आलं नाही.

पुढच्या शनिवारी चादर परत टांगलेली.
काका अदपाशी थांबले.
आणि मी, ओठ न हलवता,
हाओलाम म्हटलं.
बरोबर की चूक, विचारलं नाही कुणाला.
बाहेर चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं,
हंड्यांचा आवाज खोलीपर्यंत येत होता.
शनिवार होता. कुणी उठलं नाही.